बुवांच्या व्हिडिओतला चुडा

"माका रथ व्हयो," बुवा म्हणाले.

चारुताने लॅपटॉपवरचा हात काढून कपाळाला लावला. सोमवारी ढग हवे होते, ढग झाले. मंगळवारी ढगांमागून सूर्य हवा होता, तोही उगवला. आदल्या आठवड्यात वीज चमकली पाहिजे म्हणून दोन दिवस विजा पाडण्यात गेले, आणि मग 'देवाच्या गाण्यात वीज कित्याक?' म्हणून त्या सगळ्या पुसण्यात तिसरा दिवस गेला. आता रथ. तोही साधासुधा नाही. चार घोड्यांचा, घोडे पांढरे, आणि त्यांची आयाळ वाऱ्यावर उडणारी.

"बाबानू, गाणा साडेचार मिनटांचा आसा. तेच्यात ढग झाले, सूर्य झालो, समुद्र झालो. आता रथ खंय उभो करू?"

"समुद्रार."

"समुद्रार रथ?"

"इफेक्ट म्हणतंस मां तू? मगे इफेक्टात काय होऊक नाय?"

चारुता जामसंड्याच्या एका फोटो स्टुडिओत लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायची. नवरानवरीला हृदयाच्या आकारात बसवणं, गुलाबाच्या पाकळ्या पाडणं, नवऱ्याच्या काकाचं पोट कापणं, हे तिचं रोजचं काम. गिऱ्हाईक कितीही डोकं खाणारं असलं तरी ती हसून सांभाळायची. पण हे गिऱ्हाईक तिचे वडील होते आणि हातात दिवस फार थोडे होते.

सत्यवान बुवा म्हणजे आचऱ्याच्या आतल्या अंगाच्या वाडीतले शेतकरी. थोडं भात, चाळीस हापूसची कलमं. पण शेतकरी म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हतं. ते भजनी बुवा. दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून चीत करतात त्या डबलबारीला त्यांचं नाव लागलं की आसपासच्या दहा गावांतून टेम्पो भरून माणसं यायची. तो आवाज दसऱ्यापासून घोगरा झाला. लवंगा झाल्या, ज्येष्ठमध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी गोव्याच्या हॉस्पिटलात नळी घालून बघितलं तर घशात गाठ. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठ काढायची, तिच्याबरोबर आवाजाचा थोडा भाग जाईल, गाणं बहुधा थांबेल. नाही काढली तर गाठ वाढेल आणि मग प्रश्न आवाजाचा राहणार नाही.

तेव्हा चारुतालाच सुचलं की ऑपरेशनच्या आधी बाबांचं एक गाणं रेकॉर्ड करून त्याचा झकास व्हिडिओ करायचा. देवळात पेटी-मृदंग लावून गाणं रेकॉर्ड झालं. बुवांनी स्वतः रचलेला गजर, 'टाळ बोले टाळाला, हाक माझी गाभाऱ्याला'. घोगरेपणा होता, पण आवाज शेवटच्या कडव्यात असा काही चढला की मृदंगवाल्याचे डोळे भरून आले. आता फक्त चित्र राहिलं होतं. आणि हे फक्त चित्र काही केल्या संपत नव्हतं. ऑपरेशनची पहिली तारीख होती दोन जानेवारी. बुवा म्हणाले, "व्हिडिओ पुरो होयसर मी खंय जावचंय नाय." तारीख गेली. डॉक्टर फोनवर चिडले आणि दुसरी तारीख दिली, येत्या सोमवारची. ह्यापुढे उशीर केलात तर जबाबदारी तुमची, असं बजावूनही सांगितलं. आज गुरुवार होता, आणि बुवांना रथ हवा होता.

चारुताचा जीव नुसता खालीवर होत होता. जेवताना तिचं लक्ष कॅलेंडरकडे, आंघोळ करताना लॅपटॉपकडे. स्टुडिओतून फोन आला की ती "उद्या देते" म्हणायची आणि कोणाचं काय द्यायचंय हेसुद्धा विसरायची. तिने शेवटी दम दिला. "रथ दितंय. पण उद्या शूटिंग, परवा एडिटिंग, आणि सोमवारी पाचाक गाडी. बाबू ड्रायवराक सांगलंय मी. कबूल?"

बुवांनी मान हलवली. होय की नाय ते त्या मानेलाच माहीत.

शुक्रवारी सकाळी घरापुढच्या खळ्यात मांडववाल्याकडून आणलेलं हिरवं कापड ताणून बांधलं. हिरवं अशासाठी, की पडद्याचा हिरवा रंग सॉफ्टवेअरला दाखवायचा आणि सांगायचं, एवढा रंग गायब कर. माणूस तेवढा उरतो आणि त्याच्यामागे हवं ते लावता येतं, ढग म्हणा, समुद्र म्हणा. फक्त माणसाच्या अंगावर हिरवं काही नको, नाहीतर तेही गायब.

हे सगळं चारुताने घरात दहादा सांगितलं. बुवा रेशमी सदरा आणि फेटा घालून आले तर फेट्याची झालर हिरवी. काढली. शेवटच्या कडव्यात तुळसा, म्हणजे चारुताची आई, बुवांना ओवाळते असं होतं. तिने ट्रंकेतून ठेवणीतली हिरवी पैठणी काढली होती. ती परत ट्रंकेत गेली आणि लाल लुगडं निघालं. ताटातली विड्याची पानं काढून नुसती सुपारी ठेवली. आंब्याचा डहाळा नको, दुर्वा नको. तुळसा वैतागून म्हणाली, "गो, देवाच्या कामात हिरव्याचा इतक्या वावडा मी जल्मात बघूक नाय."

स्पीकरवर गाणं लावलं आणि बुवा ओठ हलवू लागले. डॉक्टरांनी मोठ्याने बोलायलाही बंदी केली होती, गाणं तर लांबच. आपल्याच आवाजाच्या मागे आपलेच ओठ धावत आहेत हे बघून बुवांना पहिल्यांदा हसू आलं, मग राग आला, आणि तिसऱ्या वेळी ते कापडापुढे असे उभे राहिले की चारुताला कॅमेऱ्यामागे नाक पुसावं लागलं. तुळसा ताट घेऊन आली, ओवाळून गेली. एका टेकमध्ये काम झालं.

चूक झाली ती इथेच, आणि ती चारुताचीच. इतकी बारीक नजर म्हणवणारी पोरगी, झालर शोधली, पानं शोधली, पण आईच्या हातातला हिरवा चुडा तिला दिसला नाही. दिसणार कसा? तिने डोळे उघडले तेव्हापासून तो तिथेच होता. आईला जसं नाक, तसा चुडा. नाक काढून ठेव असं कोणी सांगतं का?

शनिवारी सकाळी ती पडवीत बसली आणि शेवटच्या कडव्यातला हिरवा रंग उडवला. समुद्र आला. लाटांवर रथ, रथात बुवा, ताट घेऊन तुळसा. आणि तुळसाचे पंजे हातांपासून सुटलेले. मनगटाच्या जागी चार बोटं समुद्र वाहत होता.

"आयशप्पत!" ती ओरडली. मग तिला वाटलं, एवढंच ना. परत शूटिंग करायला वेळ नव्हता, कापडही परत गेलं होतं. तिने सवयीने तेच केलं जे नवऱ्याच्या काकाच्या पोटाचं करायची. आजूबाजूच्या कातडीचा रंग घेऊन मधली जागा भरली, एकेक फ्रेम करत. बारा सेकंदांचा तुकडा, तीनशे फ्रेमा. दोन वेळा लाईट गेली, एकदा लॅपटॉप अडकला, तिच्या मानेत चमक भरली. चार वाजता काम संपलं. हात सांधले गेले होते, कुठे जोड दिसत नव्हता. स्वतःवरच खूश होऊन तिने ते मोठं करून चालवलं.

नेमकी त्याच वेळी शेजारची सुशीलाकाकी विरजण मागायला आली. पडद्याकडे बघितलं आणि तिची वाटी हातातून सुटली.

"गो बाय माझ्ये! तुळशाचे हात मोकळे?"

चारुताने मग बघितलं. आधी ती फक्त जोड बघत होती. आता तिला आई दिसली. लाल लुगडं, कपाळावर कुंकू, हातात ओवाळणीचं ताट, आणि दोन्ही मनगटं उघडीबोडकी. नवरा समोर उभा असलेल्या बाईचे हात असे कधी नसतात. असे हात कोणाचे असतात ते वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तीनशे वेळा, एकेक करून, तिने स्वतःच्या हाताने आईचा चुडा पुसला होता, आणि परवा बाबांचं ऑपरेशन होतं.

"काकी, खंय बोलू नको हां, तुझ्या पाया पडतंय."

"मी कशाक बोलतंय?" असं म्हणून काकी गेली ती विरजण विसरून गेली, यावरूनच काय ते समजा. अर्ध्या तासाच्या आत वाडीभर झालं. तुळसा मागच्या दारातून आत आली. "दाखव," एवढंच म्हणाली. तिने एकदा बघितलं, पदराने तोंड पुसलं आणि खाली बसली.

बुवांनीही बघितलं. आणि खरं सांगायचं तर बुवांचा चेहरा पडला नाही. ते हळूच, ओढलेल्या आवाजात म्हणाले, "बघ. देवान दाखवल्यान. आता माका काय खंय जावचा नाय."

"देवान न्हय, मी केलंय ता!" चारुता किंचाळली. ती धावत स्वयंपाकघरात गेली, टोपलीतली हिरवी मिरची घेऊन आली, हिरव्या पोलक्याचं कापड भिंतीवर धरून त्याच्यापुढे मिरचीचा फोटो काढला आणि लॅपटॉपवर दाखवला. "ही बघा मिरची. आता हिरवा काढलंय. गेली मां मिरची? तसोच चुडो गेलो. हेच्यात देव खंय इलो?"

"माका कळला," तुळसा म्हणाली.

"मिरचेचा माका सांगू नको," बुवा म्हणाले. "चुडो म्हणजे मिरची न्हय." आणि त्यांनी फोन उचलून बाबू ड्रायव्हरला स्वतः कळवलं की सोमवारची गाडी नको.

संध्याकाळी जेवताना चारुताचा घास तोंडातच फिरत होता. तुळसाने तर पान वाढूनच घेतलं नाही. बुवा मात्र दोन भाकऱ्या जेवले. वर सोलकढी मागितली. महिनाभर हा माणूस पेज चिवडत बसायचा! कपाळावरची आठी गेलेली, खांदे सैल पडलेले, उद्या कलमांच्या मोहोरावर फवारणी करूया म्हणून आनंदाने बोलत होते. चारुता बघत राहिली. आणि मग तिच्या डोक्यात एकेक ओळीने लागत गेलं. ढग, सूर्य, वीज, वीज नको, रथ, घोडे, आयाळ.

तिने ताट सरकवलं. "तुमका व्हिडिओ नकोच होतो. तुमका तारीख चुकवूची होती."

"काय बोलतंस?"

"रथ झालो, आता हत्ती मागितलो असतास. हत्ती दिलंय असतंय तर अंबारी. बाबानू, माझ्या डोळ्यांची वाट लागली हो! मी म्हणतंय बाबांची हौस, बाबांची हौस, आणि तुमी माका खेळवत होतात. आयेच्या चुड्याचा निमित्त गावला तसे दोन भाकरे खाल्लात!"

बुवांनी भाकरीचा तुकडा कुसकरून ताटात टाकला. मग म्हणाले, "होय. भियालंय मी."

असं सरळ ऐकायची चारुताची तयारी नव्हती.

"चाळीस वर्सां गायलंय. मी येतंय म्हटल्यार मानसां जागा धरून बसत. आवाज गेलो काय माका बुवा कोण म्हणतलो? खळ्यात बसान माशे मारू? त्या टेबलार झोपतलंय तो बुवा आणि उठतलो तो दुसरोच कोण तरी. तेच्यापेक्षा आसा तितको आवाज घेऊन रवतंय. जाय थंयसर जावंदे."

"आणि आमी?" चारुताने विचारलं. बुवांनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली. तुळसा तेवढी उठून आत गेली.

रविवारी सकाळी बुवा खळ्यात फवारणीचा पंप खोलून बसले. चारुता पडवीत लॅपटॉप मांडून पुन्हा त्याच तीनशे फ्रेमांना भिडली. आता ती चुडा परत घालत होती. जुन्या फोटोतून बांगड्या कापून एकेका मनगटावर बसवायच्या. उपयोग काय, तिलाही माहीत नव्हतं. हात स्वस्थ बसत नव्हते म्हणून ती करत होती. बांगड्या बसायच्या, पुढच्या फ्रेमला सरकायच्या. ती शिव्या घालायची, पुन्हा बसवायची.

तुळसा विहिरीकडून आली. हातात पाण्याचा तांब्या, साबणाची वडी. बुवांच्या समोर पायरीवर बसली, मनगटावर साबण चोळला आणि पहिली बांगडी पंजावरून ओढायला लागली.

बुवांच्या हातातला पाना खाली पडला. "गो, ह्या काय करतंस?"

तुळसा ओढत राहिली. भात लावून, शेणी थापून तिचे हात रुंद झाले होते. दिवाळीत कासाराने त्या बांगड्या चढवताना तिच्या डोळ्यांतून पाणी काढलं होतं. एक निघाली. दुसरी निघाली. अंगठ्याच्या मुळाशी कातडी लाल झाली.

"तुळशा! येड लागला काय तुका? सकाळच्या पारी चुडो उतरवतंस? मी जितो आसंय गो अजून!"

"जितेच रवा," तुळसा म्हणाली. "म्हणानच काढतंय."

चारुता पडवीच्या कठड्याशी आली. पुढे व्हावं की नाही तिला कळेना. तिसरी बांगडी अडकली. तुळसाने दात आवळून ओढली आणि ती कट्‌ करून तुटली. रक्ताचा थेंब आला. 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात, पण तिघांपैकी कोणाच्याच तोंडातून तो शब्द बाहेर पडेना. बुवा पांढरे पडले. डॉक्टरांची बंदी विसरून ते सगळा घसा फाडून ओरडले, "बस झाला! थांब!"

"वाढली," तुळसा शांतपणे म्हणाली, आणि चौथीला हात घातला. "माका काय भय वाटणा नाय असा समाजलात? काल रातभर डोळ्याक डोळो लागाक नाय माझो. तेच हात दिसत होते. पण चुडो माझो. तेचो अर्थ मी लावतलंय, सुशीला नाय आणि तुमीव नाय. तुमी गाण्याक भितास. मी कशाक भितंय ता माका विचारलात कधी?"

बुवा तिच्या हातांकडे बघत होते. दुसऱ्या कोणाकडे बघायची त्यांना सोय नव्हती.

"माका बुवाचा गाणा नको. चाळीस वर्सां ऐकलंय, पुरे झाला. माका सांजवेळी खळ्यात कोणतरी व्हया. मुको असलो तरी चलात."

शेवटची बांगडी निघाली. तुळसाने सगळ्या पाण्यात बुडवून साबण धुतला, पदराला पुसल्या आणि नवऱ्याची ओंजळ उघडून तिच्यात ठेवल्या. तुटलेली सुद्धा.

"धरा. ह्यो तुमच्याकडे ठेवा. ऑपरेशन करून येवा आणि तुमच्या हातान माझ्या हातात घाला. तवसर मी हे अशेच हात घेऊन वाडीत फिरतलंय. देवळात जातलंय. कोण विचारल्यान तर सांगतलंय, घोव भियालो म्हणान."

चारुताला रडू फुटलं, आणि रडताना ती हसतही होती, आणि तिचं तिलाच कळत नव्हतं की कशाला. बुवा ओंजळ धरून उठले. वाडीतला पहिला बुवा, समोरच्याच्या प्रत्येक सवालाला उभ्या उभ्या जवाब रचणारा, आज त्याला एक ओळ सुचत नव्हती. त्यांनी बांगड्या अलगद सदऱ्याच्या खिशात सोडल्या. मग फोन काढला. बाबूचा नंबर लावला.

पलीकडून बाबू 'कोण बोलता, कोण बोलता' करत राहिला. ओरडून ओरडून बुवांचा घसा पार बसला होता. तिसऱ्या वेळी शब्द फुटले.

"सत्यवान बुवा बोलतंय. उद्या पाचाक गाडी घेऊन ये. होय, गोव्याक. आमी तिघा जातलंव."

तुळसा तांब्या उचलून मागल्या दारी गेली. कालपासूनची खरकटी भांडी पडली होती ती घासायला बसली. चारुता आणि बुवा खळ्यात उभे राहून ऐकत होते. बांगड्यांची किणकिण नव्हती, आवाज फक्त भांड्यांचाच येत होता.